बेकार कोण? भारतातील बेकारीच्या दराचा इतिहास आणि मोजणीची भाषा (१९५५ ते २०२४)

१. विषयप्रवेश

स्वातंत्र्योत्तर भारतातील बेकारीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास आरंभीच एका विलक्षण अडचणीस तोंड द्यावे लागते. आकडे पुष्कळ आहेत. परंतु ते एका ओळीत मांडावयास गेले की त्यांतून जो आलेख तयार होतो तो समजुतीला धरून नसतो. १९७२–७३ मध्ये देशातील बेकारीचा दर ८ टक्क्यांहून अधिक होता, २०११–१२ मध्ये तो सुमारे २ टक्क्यांवर होता, २०१७–१८ मध्ये तो एकाएकी ६ टक्क्यांवर गेला आणि २०२३–२४ मध्ये पुन्हा ३ टक्क्यांच्या आसपास आला, असे एक चित्र अनेकदा रेखाटले जाते. या चित्रातील प्रत्येक आकडा अधिकृत आहे, आणि तरीही चित्र खोटे आहे. कारण पहिला आकडा एका व्याख्येतून आलेला आहे आणि पुढचे आकडे दुसऱ्या. पहिल्या आकड्यात न मिळालेले दिवस मोजलेले आहेत, तर पुढच्या आकड्यांत माणसे मोजलेली आहेत.

बेकारीची कारणे आणि तीवरील उपाय हा अर्थशास्त्रज्ञांचा प्रांत होय. प्रस्तुत निबंधाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. 'बेकार' या शब्दाने गेल्या सात दशकांत कोणास गणले गेले आणि कोणास वगळले गेले, हे पाहिल्याखेरीज बेकारीच्या दराच्या चढउताराचा अर्थ लागत नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. हा प्रश्न जितका संख्याशास्त्राचा तितकाच अर्थविचाराचाही असल्यामुळे भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

२. शब्द आणि वाक्यरचना

'बेकार' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. 'कार' म्हणजे काम. ते ज्याच्यापाशी नाही तो बेकार. मराठीत त्यास आणखी एक अर्थ चिकटला आहे. 'बेकार माल', 'बेकार पाऊस' असे आपण म्हणतो तेव्हा निरुपयोगी, वाईट असा अर्थ अभिप्रेत असतो. काम नसलेल्या माणसास बेकार म्हणताना या दुसऱ्या अर्थाची छाया त्याच्यावर पडल्यावाचून राहत नाही. सरकारी व्यवहारात 'बेकार' मागे पडून 'बेरोजगार' हा शब्द जो पुढे आला, त्यास ही छाया काही अंशी कारण झाली असावी. 'रोजगार' हाही फारसीच शब्द. मूळ भाषेत 'रूझगार' म्हणजे काळ, जमाना. आपल्याकडे येता येता तो उपजीविकेचा वाचक झाला आणि मराठीत रोजच्या मजुरीशी त्याचे नाते जडले. या शब्दाच्या पोटात 'रोज' म्हणजे दिवस दडलेला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इंग्रजीतही बेकारीचे भाववाचक नाम जुने नाही. ते प्रचारात आले एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, म्हणजे कारखान्यातील मजुरीवर जगणारा आणि ती सुटताच पूर्णपणे निराधार होणारा वर्ग मोठ्या प्रमाणावर निर्माण झाल्यानंतर. काम असणे आणि नसणे या दोन अवस्था त्या समाजात घंटेच्या ठोक्याने वेगळ्या होत असत. आपल्या खेड्यात त्या तशा वेगळ्या नव्हत्या. गुढीपाडव्यास सालाने बांधलेला सालगडी, वर्षाकाठी धान्याचा वाटा घेणारा बलुतेदार, स्वतःच्या तुकड्यावर राबून उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधावर जाणारा अल्पभूधारक आणि केवळ रोजाने जाणारा मजूर या चौघांच्या 'काम नसण्या'चे स्वरूप चार प्रकारचे होते.

मराठी वाक्यरचनेत हा भेद स्पष्ट दिसतो. 'तो बेकार आहे' या वाक्यात बेकारपण हे व्यक्तीचे विशेषण आहे. ते तिच्या ठायी काही काळ स्थिर असते. 'त्याला आज काम मिळाले नाही' किंवा 'हाताला काम नाही' या वाक्यांची गोष्ट निराळी. येथे 'काम' हे उद्देश्य असून माणूस चतुर्थी विभक्तीत आहे. न मिळणे हा कामाचा व्यापार आहे, तो विशिष्ट दिवसापुरता आहे आणि त्यावरून माणसाच्या स्वरूपाविषयी काहीच विधान होत नाही. सुशिक्षित तरुण पहिल्या प्रकारे बोलतो. शेतमजूर बहुधा दुसऱ्या प्रकारे बोलतो. जो आठवड्यात तीन दिवस कामास जातो आणि चार दिवस घरी बसतो, त्यास आपण बेकार आहोत असे वाटत नाही व ते म्हणणे त्याला परवडतही नाही. भारतातील बेकारीच्या मोजणीचा इतिहास हा एका अर्थी या दोन वाक्यांपैकी कोणते प्रमाण मानावयाचे, याचा इतिहास आहे.

३. अनुशेषाचा काळ : १९५५ ते १९६९

प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिच्या नवव्या फेरीत, १९५५ साली, बेकारीची देशव्यापी चौकशी प्रथमच करण्यात आली. पुढील काही फेऱ्यांतून दिवस, आठवडा, महिना, वर्ष असे वेगवेगळे संदर्भकाल घेऊन प्रयोग झाले आणि संदर्भकाल बदलला की दरही बदलतो हे तेव्हाच दिसून आले.

नियोजनकारांना मात्र एक आकडा हवा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने १९५६ मध्ये बेकारांची शिल्लक ५३ लाख धरली. त्यांपैकी २५ लाख शहरांत व २८ लाख ग्रामीण भागात असल्याचे मानले होते. योजनेच्या काळात श्रमबलात किती भर पडेल आणि किती जागा निर्माण होतील यांची वजाबाकी करून शेवटची शिल्लक काढावयाची, अशी ही जमाखर्चाची पद्धत होती. तिसऱ्या योजनेच्या आरंभी ही शिल्लक ९० लाखांवर गेली. त्याखेरीज दीड ते एक कोटी ऐंशी लाख लोक अर्धबेकार असावेत असेही अनुमान देण्यात आले.

या जमाखर्चामागे एक गृहीत होते. बेकार हा मोजता येण्याजोगा, स्वतंत्र आणि पूर्ण असा एक माणूस आहे. त्यास एक जागा दिली की तो वहीतून कमी होतो, असे ते गृहीत होय. कारखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाविषयी ते खरे होते. वर्षातून चार महिने रिकाम्या राहणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याविषयी ते खरे नव्हते. त्याचा अर्धा वेळ वहीच्या कोणत्या बाजूस लिहावयाचा, याचे उत्तर त्या पद्धतीपाशी नव्हते.

याच काळात सेवायोजन कार्यालयांच्या नोंदवहीतील आकडेही बेकारीचे निदर्शक म्हणून वापरले जात. ही कार्यालये १९४५ मध्ये सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांच्या पुनर्वसनासाठी सुरू झाली. पुढे १९५९ च्या कायद्याने ठराविक आस्थापनांना रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. 'सेवायोजन' हा शब्द संस्कृत घडणीचा व सरकारी दप्तरात रुळलेला असला, तरी नाव नोंदविणारे तरुण त्यास 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज' असेच म्हणत राहिले. तेथे जाणारा बहुधा शहरातला आणि शिकलेला असे. त्यांत नोकरीत असून अधिक चांगली नोकरी शोधणारेही असत व शिक्षण घेत असलेलेही असत. शतकाच्या अखेरीस या नोंदवह्यांतील नावे चार कोटींच्या घरात गेली. परंतु शेतमजूर त्यांत क्वचितच आढळे. 'सुशिक्षित बेकार' हा शब्दप्रयोग मराठीत जसा रूढ झाला, तसा 'अशिक्षित बेकार' हा झाला नाही, ही गोष्ट या दृष्टीने सूचक आहे. बेकार हे नाव धारण करण्यासाठीही काही एक पात्रता लागत होती.

४. दांतवाला समिती आणि एका आकड्याचा त्याग

या पद्धतीविषयीचे असमाधान १९६० नंतर वाढत गेले. गुन्नार मिर्दाल यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एशियन ड्रामा' या ग्रंथात बेकारी व अर्धबेकारी या पाश्चात्त्य संकल्पना दक्षिण आशियास जशाच्या तशा लावण्यावर कठोर टीका केली. एखाद्या संज्ञेचा प्रवास कसा होतो याचे एक उदाहरण येथे नोंदविणे योग्य होईल. 'प्रच्छन्न बेकारी' ही संज्ञा जोन रॉबिन्सन यांनी १९३६ मध्ये योजली. मंदीमुळे कारखान्यातून कमी झालेले व त्यामुळे फेरीसारख्या कमी उत्पादक कामांकडे वळलेले औद्योगिक देशांतील कामगार त्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुढील वीस वर्षांत तीच संज्ञा कधीही कारखान्यात न गेलेल्या आशियाई शेतकऱ्यास लावली जाऊ लागली. शब्द तोच राहिला, अर्थ बदलला. आणि शब्द तोच राहिल्यामुळे अर्थ बदलल्याचे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

१९६८ मध्ये नियोजन मंडळाने बेकारीच्या अनुमानांची तपासणी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक म. ला. दांतवाला हे तिचे अध्यक्ष होते. १९७० मध्ये सादर झालेल्या अहवालात समितीने स्पष्ट सांगितले की, भारतासारख्या अर्थव्यवस्थेत श्रमबल आणि बेकारी यांचे एकजिनसी एककात एकच मोजमाप करणे उचित नाही. प्रदेश, लिंग, वय, शिक्षण, शहर व खेडे, कामाचा प्रकार असे भेद करून वेगवेगळी अनुमाने द्यावीत. चौथ्या योजनेने तदनुसार बेकारांच्या शिलकीचा आकडा देण्याचे सोडून दिले.

या निर्णयाचे महत्त्व पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही. बेकारी वाढत असल्याची ओरड होत असतानाच शासनाने तिचा आकडा देणे थांबविले, अशी टीका करणे सोपे होते. वस्तुतः समितीने प्रश्न टाळला नाही, तो अधिक नेमका केला. तिच्या शिफारशीतूनच नमुना पाहणीच्या पुढील सर्व फेऱ्यांचा आराखडा सिद्ध झाला. दांडेकर व रथ यांचे दारिद्र्यावरील लेखन पुण्याहून १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि राज कृष्ण यांनी १९७३ मध्ये बेकारीचे काल, उत्पन्न, तयारी व उत्पादकता असे चार निकष मांडले. ही विचारमंथनाची तीन-चार वर्षे भारतीय बेकारीच्या अभ्यासातील सर्वांत फलदायी म्हणावी लागतील. १९७३ मध्ये अहवाल देणाऱ्या भगवती समितीचा आकडाही याच विचाराचा द्योतक आहे. तिने १९७१ साठी १ कोटी ८७ लाख बेकार धरले. परंतु त्यांपैकी ९० लाखांनाच मुळीच काम नव्हते, उरलेल्या ९७ लाखांना आठवड्यात चौदा तासांहून कमी काम होते.

५. तीन मोजमापे

ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळातील सत्ताविसाव्या फेरीपासून नमुना पाहणीत तीन मोजमापे आली. पहिले 'नेहमीची स्थिती'. यात मागील ३६५ दिवसांत व्यक्ती बहुतांश काळ काय करीत होती हे विचारले जाते. दुय्यम कामाचाही त्यात समावेश केला की दर आणखी खाली येतो. दुसरे 'चालू साप्ताहिक स्थिती'. मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तासही काम केले असेल तर ती व्यक्ती कामावर आहे असे धरले जाते. तिसरे 'चालू दैनिक स्थिती'. यात आठवड्याचे चौदा अर्धे दिवस करून प्रत्येक अर्ध्या दिवसाचा हिशेब घेतला जातो. पहिली दोन मोजमापे माणसे मोजतात. तिसरे मनुष्यदिवस मोजते. मागे सांगितलेल्या दोन वाक्यांपैकी 'तो बेकार आहे' या वाक्याचे मोजमाप म्हणजे नेहमीची स्थिती आणि 'त्याला आज काम मिळाले नाही' याचे मोजमाप म्हणजे दैनिक स्थिती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या दोहोंतील अंतर किती मोठे आहे हे त्या पहिल्याच फेरीत दिसून आले. १९७२–७३ मध्ये ग्रामीण स्त्रियांच्या बेकारीचा दर नेहमीच्या स्थितीनुसार ०.५ टक्के, साप्ताहिक स्थितीनुसार ५.५ टक्के आणि दैनिक स्थितीनुसार ११.२ टक्के होता. त्याच स्त्रिया, तेच वर्ष, तीच पाहणी. उत्तरे मात्र अर्ध्या टक्क्यापासून अकरा टक्क्यांपर्यंत. वर्षाचा विचार केला तर त्यांतील जवळजवळ कोणीही बेकार नव्हती, आणि दिवसांचा विचार केला तर त्यांना हव्या असलेल्या दर नऊ दिवसांतला एक रिकामा जात होता.

ग्रामीण पुरुषांविषयीच्या पुढील फेऱ्यांतील आकडे तुलनेसाठी येथे देत आहे. पहिला आकडा नेहमीच्या स्थितीचा (दुय्यम कामासह), दुसरा साप्ताहिक व तिसरा दैनिक स्थितीचा असून सर्व शेकडेवारीत आहेत.

१९७७–७८ : १.३, ३.६, ७.१
१९८३ : १.४, ३.७, ७.५
१९८७–८८ : १.८, ४.२, ४.६
१९९३–९४ : १.४, ३.१, ५.६
१९९९–२००० : १.७, ३.९, ७.२
२००४–०५ : १.६, ३.८, ८.०
२००९–१० : १.६, ३.२, ६.४
२०११–१२ : १.७, ३.३, ५.५

पहिला स्तंभ वाचणारास असे वाटेल की चौतीस वर्षांत काहीच घडले नाही. दर दीड टक्क्याच्या आसपास स्थिर आहे. तिसरा स्तंभ वाचणारास निराळाच इतिहास दिसतो. १९९३–९४ ते २००४–०५ या काळात रिकाम्या गेलेल्या दिवसांचे प्रमाण ५.६ वरून ८.० पर्यंत चढले आणि त्यानंतरच्या सात वर्षांत ५.५ पर्यंत उतरले. मजुराचे आयुष्य ज्यामुळे बदलते त्या सर्व हालचाली या तिसऱ्या स्तंभात आहेत. पहिल्यात त्यांचा मागमूसही नाही. १९८७–८८ ची ओळ विशेष विचार करण्याजोगी आहे. ते मोठ्या दुष्काळाचे वर्ष. त्या वर्षी पहिले दोन दर वाढलेले दिसतात आणि तिसरा मात्र एकदम खाली आलेला दिसतो. दुष्काळी कामे मोठ्या प्रमाणावर निघाली होती, हे त्याचे एक कारण संभवते. परंतु कारण कोणतेही असो, तीनही दर एकाच दिशेने चालतील अशी खात्री बाळगता येत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

या स्थैर्याचे रहस्य राज कृष्ण आदी अभ्यासकांनी पूर्वीच उलगडून दाखविले आहे. ज्याच्यापाशी साठवण नाही त्याला वर्षभर बेकार राहता येत नाही. पुरेसे काम नसले तरी तो काही ना काही करतोच. म्हणूनच गरीब देशात नेहमीच्या स्थितीचा दर कमी असणे ही समृद्धीची खूण मानता येत नाही.

६. 'मला काम द्या' : महाराष्ट्राचा अनुभव

याच वर्षांत महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक वेगळे उत्तर आकारास येत होते. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर येथे ज्याचा प्रयोग केला, ती कल्पना १९७२ च्या दुष्काळात राज्यव्यापी योजनेच्या रूपाने अवतरली. तिला 'महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७' या कायद्याचे अधिष्ठान लाभले आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातील जी प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे अकुशल काम मागेल तिला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, अन्यथा बेकारी भत्ता द्यावयाचा, असे त्याचे सूत्र होते.

मोजणीच्या दृष्टीने या कायद्याने एक मूलगामी गोष्ट केली. बेकार कोण हे पाहणी करणाऱ्याने ठरवावयाचे नाही. जो काम मागतो तो काम नसलेला, असे त्याने मानले. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'त्याला काम मिळाले नाही' या वाक्यातील चतुर्थी येथे खऱ्या अर्थाने संप्रदान झाली. मागणारा आणि देणारा असे दोन पक्ष उभे राहिले व देण्याचे उत्तरदायित्व राज्यावर आले. संसदेने २००५ मध्ये केलेल्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. २००४–०५ नंतर दैनिक स्थितीचा दर उतरला, त्यास केवळ तो कायदा कारण झाला असे म्हणता येणार नाही. बांधकामाच्या क्षेत्रात झालेली मोठी वाढही विचारात घ्यावी लागेल. परंतु जे मोजमाप दिवस मोजते त्याच मोजमापात दिवसाने काम देणाऱ्या योजनेचा परिणाम उमटण्याची शक्यता असते, हे विसरता कामा नये.

त्याच राज्यात मोजणीच्या मर्यादेचेही उदाहरण सापडते. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीस जाणारे मजूर मुकादमाकडून उचल घेतात आणि पाच-सहा महिने फडात राबतात. तेथे मजुरीचे एकक 'कोयता' हे असते आणि एक कोयता म्हणजे बहुधा पती-पत्नीचे जोडपे. पत्नीचे काम कोयत्यात मिसळून गेलेले असते. तिची स्वतंत्र मजुरी हिशेबात दिसत नाही. ज्या समाजात कामाचे व्यवहारातील एककच असे आहे, तेथे व्यक्तीगणिक प्रश्न विचारणारी पाहणी किती सावधपणे करावी लागेल हे सांगावयास नको.

७. 'घरीच असते'

स्त्रियांच्या बाबतीत शब्दाचे सामर्थ्य सर्वांत अधिक जाणवते. 'तुम्ही काम करता का?' या प्रश्नास ग्रामीण स्त्री अनेकदा 'नाही, घरीच असते' असे उत्तर देते. मराठीत 'काम' या शब्दाचा व्याप मोठा असला, तरी 'काम करणे' म्हणजे मजुरीस अथवा नोकरीस जाणे असा संकोच परक्या माणसाच्या प्रश्नाने आपोआप होतो. घरची जनावरे, परसातील भाजी, शेतावरची खुरपणी ही त्या उत्तरातून गळून पडतात. पाहणीच्या संकेतांत केवळ घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ हा अंक आहे. घरकामासोबत सरपण आणणे, घरापुरते शिवणे-विणणे अशी कामे करणाऱ्यांसाठी ९३. हे दोन्ही अंक श्रमबलाच्या बाहेरचे होत. कुटुंबाच्या शेतीत वा धंद्यात विनामोबदला मदत करणाऱ्यांसाठी मात्र २१ हा अंक असून ती व्यक्ती कामावर आहे असे धरले जाते. ९३ आणि २१ यांच्यामधील सीमा घराच्या उंबरठ्याइतकीच अरुंद आहे.

बेकारीच्या दरावर याचा परिणाम कसा होतो? दराचा छेद श्रमबल हा असतो. जी स्त्री श्रमबलातच नाही ती बेकारही नसते. २००४–०५ ते २०११–१२ या काळात ग्रामीण स्त्रियांमधील काम करणाऱ्यांचे प्रमाण ३२.७ टक्क्यांवरून २४.८ टक्क्यांवर आले. इतकी मोठी गळती झाली तरी बेकारीच्या दरात तिचे प्रतिबिंब पडले नाही. कारण त्यांतील बहुसंख्य स्त्रिया 'बेकार' या रकान्यात न जाता 'घरकाम' या रकान्यात गेल्या. काहींनी शिक्षण घेतले, काहींच्या घरचे उत्पन्न वाढले, काहींना काम उरले नाही. दर या तिन्ही गोष्टींविषयी सारखाच मौन राहिला.

८. २०१७ नंतर

पंचवार्षिक फेऱ्यांची परंपरा २०११–१२ च्या अडुसष्टाव्या फेरीपाशी थांबली आणि एप्रिल २०१७ पासून नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण सुरू झाले. त्याच्या २०१७–१८ च्या पहिल्या अहवालाने मोठा वाद निर्माण केला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे प्रसिद्ध झाला तो मे २०१९ च्या अखेरीस. त्यात नेहमीच्या स्थितीचा दर ६.१ टक्के होता. ग्रामीण पुरुषांचा जो दर चार दशके दोन टक्क्यांच्या आत होता, तो ५.८ वर गेला. कुटुंबांची निवड करताना दहावी उत्तीर्ण सदस्यांच्या संख्येनुसार वर्ग पाडण्याची पद्धत या सर्वेक्षणात नव्याने आली होती, त्यामुळे जुन्या फेऱ्यांशी काटेकोर तुलना करू नये हा आक्षेप रास्त आहे. तथापि १५ ते २९ वयोगटातील १७.८ टक्के हा दर पाहता, 'बेकार' हे नाव लावून घेऊ शकणारा, शिकलेला व थांबून राहू शकणारा वर्ग खेड्यातही विस्तारला होता, असे मानावयास जागा आहे.

त्यानंतरच्या वर्षांत नेहमीच्या स्थितीचा दर ५.८, ४.८, ४.२, ४.१ असा उतरत २०२२–२३ व २०२३–२४ या दोन्ही वर्षी ३.२ टक्क्यांवर आला. या मालिकेतील २०१९–२० चे वर्ष निबंधाच्या प्रतिपाद्यास सर्वांत उपकारक आहे. जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षात मार्च अखेरची देशव्यापी टाळेबंदी येते. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत शहरी बेकारीचा साप्ताहिक दर २० टक्क्यांच्या वर होता. महामार्गांवरून पायी गावाकडे निघालेले मजूर साऱ्या देशाने पाहिले. आणि त्याच वर्षाचा नेहमीच्या स्थितीचा दर मागील वर्षाच्या ५.८ वरून ४.८ वर उतरला. यात कोणतीही लबाडी नाही. वर्षाचा बहुतांश काळ ज्याच्यापाशी काम होते तो त्या व्याख्येनुसार कामावरच होता. शिवाय गावी परतलेला माणूस घरच्या शेतीत हात लावू लागला की तोही कामावर असल्याचे धरले जाते. पायी चालत गेलेल्या त्या दिवसांना वर्षाच्या वाक्यात जागा नव्हती.

पुढील वर्षांतील घट वाचतानाही हीच सावधगिरी हवी. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७–१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३–२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, ही लहान घटना नव्हे. परंतु काम करणाऱ्या स्त्रियांत स्वयंरोजगारातील स्त्रियांचे प्रमाण याच काळात ५१.९ वरून ६७.४ टक्क्यांवर गेले आणि घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणाऱ्यांचे प्रमाण ३१.७ वरून ३६.७ टक्क्यांवर. म्हणजे श्रमबल वाढले ते बऱ्याच अंशी २१ या अंकाच्या रकान्यात. यांपैकी किती स्त्रियांनी नव्याने काम सुरू केले आणि किती स्त्रियांचे पूर्वीचेच काम आता 'काम' म्हणून नोंदले गेले, हे केवळ दरावरून सांगता येणार नाही. दोन्ही गोष्टी झालेल्या असू शकतात, आणि दुसरी झाली असल्यास तीही स्वागतार्हच आहे. मात्र तिला रोजगाराची वाढ म्हणता येणार नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून बेकारीचे आकडे निरर्थक आहेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा होईल. प्रत्येक मालिका स्वतःच्या व्याख्येच्या मर्यादेत विश्वसनीय आहे आणि तिच्या आधारे इतिहास लिहिता येतो. नेहमीच्या स्थितीची मालिका शिकलेल्या व प्रतीक्षा करू शकणाऱ्या वर्गाचा इतिहास सांगते. दैनिक स्थितीची मालिका रोजाने जगणाऱ्यांचा इतिहास सांगते. ज्यांचा इतिहास या दोहोंतही अपुरा उतरतो त्या स्त्रियांसाठी बेकारीच्या दराऐवजी श्रमबलातील सहभाग आणि कामाचा प्रकार पाहावा लागतो. चूक होते ती एका मालिकेतून दुसरीत न सांगता उडी मारली असता.

या दृष्टीने दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. एक अशी की, दैनिक स्थितीचा आकडा सार्वजनिक चर्चेतून जवळजवळ मावळला आहे. एप्रिल २०२५ पासून दरमहा आकडे प्रसिद्ध होऊ लागले तेही साप्ताहिक स्थितीचे. देशातील फार मोठा वर्ग अद्याप रोजावर जगतो, तोवर रोजाचे मोजमाप दृष्टीआड होऊ देणे इष्ट नाही. दुसरी गोष्ट आपल्या विभागांच्या आवाक्यातील आहे. पाहणीची प्रश्नावली इंग्रजीत सिद्ध होते आणि दारात उभा राहिलेला अन्वेषक ती मराठीत, अहिराणीत, कोकणीत किंवा गोंडीत विचारतो. 'काम', 'धंदा', 'नोकरी', 'मजुरी' यांपैकी त्याने कोणता शब्द उच्चारला यावर समोरची स्त्री ९२ मध्ये जाईल की २१ मध्ये हे पुष्कळदा ठरते. त्या क्षणी काय बोलले जाते, याचा पद्धतशीर अभ्यास भाषाविज्ञान आणि अर्थशास्त्र या दोन विभागांनी मिळून करण्याजोगा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी तो हाती घेतल्यास बेकारीच्या दराच्या पुढील दशकांचा इतिहास आजच्याहून अधिक नेमका लिहिला जाईल.